सालसोड

शालूवैनींनी रात्री भिजत घातलेली तूर सकाळी परातीत उपसली, वाटीतलं ताकासारखं पांढुरकं पाणी चमचाभर तिच्यावर शिंपडलं आणि परात झाकून ओट्यावर ठेवून दिली. भाकरी थापून होईपर्यंत तुरीची सालं आपली आपण सुटली होती. वैनींनी ती तळहातांत हलकेच चोळली, सुपात घेऊन पाखडली, आणि सुपात राहिली ती पिवळीधमक, अखंड डाळ. जातं नाही, गिरणी नाही, तेलाचा थेंब नाही. बोरवाघळीत आता याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं. ते चार वर्षांपूर्वीच वाटून संपलं होतं.

ओसरीवर चहा पीत बसलेली ज्योत्स्ना गावंडे मात्र दर खेपेला हे बघत बसायची. त्या वाटीतलं पाणी तिनंच शोधलं होतं.

ज्योत्स्ना कृषी संशोधन केंद्रात शेतमाल-प्रक्रियेची अभियंता. तुरीचा दाणा आणि त्याचं साल यांच्यामध्ये डिंकासारखा एक चिवट थर असतो, आणि त्या थरानं गिरणीवाल्यांच्या कित्येक पिढ्यांना छळलं होतं. दाण्याला तेलपाणी करा, दिवसचे दिवस वाळवा, मग खरखरीत रुळांवर घासा. एवढं करून निम्मी डाळ फुटायची, चुरी व्हायची. ज्योत्स्नानं यंत्र सुधारायचा नाद सोडून दिला आणि तो डिंक खाणारे जिवाणू तयार केले. त्यांना नाव दिलं ‘सालसोड’. कुणा कंपनीला ते विकायला तिनं साफ नकार दिला. शेतकऱ्यानं तूर का विकावी, डाळच विकावी, हा तिचा हट्ट. हट्ट चांगला होता, हे आजही कुणी नाकारणार नाही.

ती आली होती ती थोरल्या भावाच्या फोनमुळे. देविदास मोजकं बोलणारा माणूस. फोनवर एवढंच म्हणाला होता, “तूर उगोली नाई. तू ये.”

चहा झाल्यावर दोघं शेतात गेली. कपाशीच्या ओळी वीतभर वर आल्या होत्या, हिरव्यागार. दर काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असायला हवी होती, तिथे नुसती काळी माती. देविदास खाली बसला, त्यानं खुरप्यानं ओळ उकरली आणि ओंजळभर माती बहिणीपुढे धरली.

“हे पाय.”

मातीत डाळ होती. स्वच्छ, पिवळी, दोन पाकळ्या वेगळ्या झालेली. ज्योत्स्नानं सवयीनं एक पाकळी उचलली, नखानं तिची कड तपासली. एकही टवका उडालेला नाही, कुठे ओरखडा नाही. केंद्रातल्या सगळ्यात महागड्या यंत्रातूनही इतकी देखणी डाळ कधी निघाली नव्हती.

“काय सुरेख आहे,” ती बोलून गेली.

देविदासनं तिच्याकडे पाहिलं, तशी तिनं पाकळी खाली ठेवली.

“भाऊ, तू बीच पेरलंस ना?”

“मंग काय डाळ पेरतो का मी?”

साल म्हणजे बियाण्याचं घर. ओल किती आत घ्यायची, कधी घ्यायची, ते साल ठरवतं, आणि त्याच्या आत दोन डाळींच्या मधोमध कोंबाचा बारीकसा ठिपका जपलेला असतो. जमिनीत ओल मिळताच साल सुटलं होतं, पाकळ्या विलग झाल्या होत्या आणि कोंब उघड्यावर पडून कुजला होता. म्हणजे सालसोड मातीत उतरलं होतं. वावर स्वतःच डाळगिरणी झालं होतं.

ते तिथे कसं गेलं, याला फार डोकं लागलं नाही. सुटलेली सालं गुरांना जातात, गुरांचं शेण खतात जातं, खत वावरात. पण सालसोड मातीत जगूच नये, असा लगाम ज्योत्स्नानं त्याला घालून दिला होता. त्याला एक विशिष्ट खुराक लागे, तो फक्त केंद्रातून पुड्यांमध्ये मिळे, आणि खुराक नसला की सालसोड दिवसभरात मरे. घरी परतल्या परतल्या तिनं वैनींना विचारलं, “वैनी, खुराकाच्या पुड्या कुठे ठेवता?”

शालूवैनी हसल्या. “त्या पुड्या आता कोन आनते वं? गुळाच्या पान्यावर मस्त राहते थे. मले रुखमाबाईनं वाटीभर देलं, मी माह्या माहेरी देलं, माह्या बहिनीनं तिच्या नंदेले देलं.”

“आणि वापरून झालं की उरलेलं टाकत नाही?”

“इरजन कोनी टाकते का, बाई?” वैनींना प्रश्नच कळला नाही.

 ज्योत्स्नाला हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. वाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा फोटो वर्तमानपत्रात आला, तेव्हा तिनं तो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. बायकांनी यंत्राचं विरजण केलं, याचं तिला केवढं कौतुक! विरजणाचा घरोघरचा रिवाज तिलाही लहानपणापासून माहीत होता: थोडं लावायचं, थोडं राखायचं, शेजारणीला नाही म्हणायचं नाही. चार वर्षं, हजारो घरं, हजारो वाट्या. गुळाच्या पाण्यावर जे मेले ते मेले. जे तगले ते चिवट निघाले, आणि त्यांच्या पोटी आणखी चिवट जन्मले. प्रयोगशाळेत घातलेला लगाम बायकांच्या मायेनं सैल केला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच, फक्त या मारुतीनं लंका सोडून आपलंच घर पेटवलं होतं.

पुढचे महिने मातीचे नमुने तपासण्यात गेले. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, सीमेपलीकडची राज्यं. डाळीच्या सालांची, गुरांच्या चुनीभुशाची पोती जिथे जिथे गेली, तिथे तिथे सालसोड पोचलं होतं. मूग आणि उडीदही उगवेनासे झाले, हरभऱ्याचं भवितव्य सांगायला ज्योतिषी नको होता. सालसोड घरात ठेवण्यावर बंदीचा हुकूम निघाला, वरातीमागून घोडं. केंद्राच्या संचालकांनी ज्योत्स्नाला बोलावून घेतलं.

“शीतगृहात तुरीचं बी आहे, पण थोडं,” ते म्हणाले. “ते मातीत घालून वाया घालवायची परवानगी मी देणार नाही. तुम्ही आधी एक जागा दाखवा. एकच. जिथे बी पेरलं आणि बीच हाती आलं. मग बोलू.”

“आणि नाही दाखवता आली तर?”

संचालकांनी टेबलावरचा जेवणाचा डबा बाजूला सारला. त्यांनाही वरण-भातच आवडत असणार.

अशी जागा केंद्रात मिळणं शक्य नव्हतं. जिथे सालसोड जन्मलं, तिथल्या नळ्या, भिंती, माणसांच्या चपलासुद्धा त्यानं भरलेल्या. म्हणून ज्योत्स्नानं भावाच्या घराची सिमेंटची गच्ची निवडली. वैनींकडे राखेत घालून ठेवलेल्या जुन्या गावरान तुरीचा एक डबा होता. त्यातली निम्मी पेरायची, निम्मी राखायची असं ठरलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी गावजेवणाची मोठी काहील चुलाणावर चढली आणि तिच्यात माती भाजली गेली. देविदास दिवसभर फावड्यानं ती परतत होता. येणारे जाणारे विचारत, “काय देविदासभाऊ, मातीची भाजी का?” तो हसायचा नाही. काळी माती भाजून विटकरी झाली, ती नव्या कोऱ्या पिंपांत भरली. नियम ज्योत्स्नानं घालून दिले: पाणी उकळून गार केलेलं, हात धुऊन हातमोजे, गच्चीवर देविदासखेरीज कुणी जायचं नाही, आणि पिंपात भाजलेल्या मातीशिवाय काहीही घालायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही.

तूर उगवली. हिरवे कोंब वर आले, तेव्हा देविदासनं फोटो पाठवला आणि त्याखाली एक अक्षर लिहिलं नाही. ज्योत्स्ना केंद्राच्या जिन्यात बसून रडली. स्वतः तिला गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, तिच्याइतकं सालसोडमध्ये वावरलेलं माणूस जिल्ह्यात नव्हतं. गावी गेली की ती शेजाऱ्यांच्या माडीवरून रोपं बघायची. खाली गल्लीत माणसं जमायची. कुणाच्या गच्चीवर किती पिंपं मावतील याचे हिशेब सुरू झाले. लग्न झालेल्या पोरींना फोन गेले की तूर वाचते आहे. देविदास जिन्याच्या तोंडाशी खाट टाकून झोपू लागला. मांजर वर जाऊ नये म्हणून.

फुलं आली, पिवळ्या फुलांवर तांबड्या रेघा. शेंगा धरल्या. थंडी सरता सरता त्या वाळल्या आणि देविदासचा फोन आला. या वेळी तो एवढंच म्हणाला, “ये.”

त्यानं शेंगा ताटात काढून खाली आणल्या होत्या. पहिली शेंग त्यानं बहिणीसमोर फोडली. आत दाणे नव्हते, डाळ होती. पिवळ्या पाकळ्या सुट्या, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं बाजूला पडलेली. दुसरी फोडली, तिसरी फोडली. शालूवैनी बसून एकेक शेंग सोलत राहिल्या, जणू एखादीत तरी चुकून दाणा राहून गेला असेल. ताट डाळीनं भरलं. एकही बी मिळालं नाही.

ही बातमी बाजारात गेली तेव्हा एका अडत्यानं मुद्दाम फोन करून अभिनंदन केलं. शेंगेतूनच डाळ निघत असेल तर अशी तूर किती देता, असं विचारत होता. ज्योत्स्नानं उत्तर न देता फोन ठेवला.

वाळलेली झाडं आणि पिंपं देविदासनं अंगणात उतरवली. ज्योत्स्नानं एक झाड मुळासकट उपटलं. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत जमिनीतले उपयोगी जिवाणू भाडेकरूसारखे राहतात आणि झाडाला नत्र पुरवतात. तिनं एक गाठ चिरून सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भाडेकरू बदलला होता. सालसोड गाठींत शिरलं होतं, तिथून खोडात आणि खोडातून शेंगेत. मग तिनं पिंपातली माती बोटांनी चाळली. विटकरी मातीत काळपट, हलके, काडीकचऱ्याचे कण होते. प्रत्येक पिंपात. ते काय आहे हे ओळखायला शेतकऱ्याच्या मुलीला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

तिनं माती पुन्हा पिंपात टाकली आणि हात धुतले. जेवायला बसल्यावर देविदासनंच घास हातात धरून मान खाली घातली.

“बाई, एक सांगाचं होतं. पोळ्याच्या सुमारास झाडं पिवळी पडली होती. पानं गळत होती. तू नाई म्हनली होती, मले ठाऊक हाय. पन दोन-तीन दिवस पाह्यलं अन मंग राह्यवलं नाई. मूठमूठ शेणखत घातलं. उपाशी लेकरासारखी दिसत होती वं थे.”

वैनींचा हात परातीतच थांबला. हे त्यांनाही नवीन होतं.

देविदासचा चेहरा ज्योत्स्नाला बघवेना. ज्या माणसानं सहा महिने जिन्यात खाट टाकून काढले, त्याला तुझ्याच मुठीनं तूर मेली, असं सांगायचं? तेही तिनं? सालसोड त्या शेणात आलं कुठून, हे विसरून? तिला स्वतःची शरम वाटली आणि भावाची मायाही आली. भाऊ मनाशी घोकत बसला तर या उन्हाळ्यात खचेल, याची तिला भीती वाटली.

“त्यानं नाही झालं, भाऊ,” ती म्हणाली. “वाऱ्यावरसुद्धा येतं ते. तू काही घातलं नसतंस तरी आलंच असतं.”

“खरं म्हनतं?”

“खरं.”

वारा एवढं करत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्या मुठी पडल्या नसत्या तर ताटात बहुधा दाणे असते. पण देविदासनं सुस्कारा सोडला, घास तोंडात घातला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. वैनींनी त्याला दोनदा वाढलं. ज्योत्स्नाला वाटलं, चला, माणूस तरी वाचला.

हात धुऊन तो आत गेला आणि राखेचा डबा घेऊन बाहेर आला. त्यानं झाकण काढून बहिणीला दाखवलं. राखेत निम्मं बी अजून होतं. जुनं झालेलं, यंदाच्या पेरणीत उगवलं तर उगवलं, त्यानंतर त्याचा भरवसा नव्हता. देविदासच्या डोळ्यांत पहिल्यासारखी चमक आली होती.

“मंग औंदा आखरीचा डाव टाकून पाहू, बाई. माती अजून खरपूस भाजतो. वारा येते म्हनतं तं चहूकडून कापड बांधतो,” तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावता लावता त्यानं विचारलं, “अन शेणखतानं काई होत नाई म्हनतं, तं या बारीले पयलेपासूनच घालू ना?”