कानाचं पोस्टर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुकानात लढाईच्या वेळची पोस्टरं इतकी लावलीत, पण ‘गप्प राहा, शत्रू ऐकतोय’ या जातीचं एकही नाही. कुणी आणलं तर मी दारातूनच परत पाठवतो. त्याला एक मंगळवार कारण आहे.

तेव्हा लढाई संपून चाळीस वर्षं झाली होती. मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भागीत जुन्या पोस्टरांची पारख आणि खरेदी-विक्री करत होतो. एका बाईंचं पत्र आलं. नवरा गेला, त्याचा संग्रह बघून जा. खाली एक ओळ होती: मी ठार बहिरी आहे, दार नुसतं लोटून या.

आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. बाई सत्तरीच्या, ताठ. एक शब्द न बोलता त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं, दिवा लावला आणि अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या. खोलीच्या खिडकीला लढाईतला काळा कागद तसाच चिकटलेला. बाहेर लख्ख ऊन, आत एकाच बल्बचा पिवळा उजेड. शाईचा, डिंकाचा, बंद कपाटाचा वास. भिंतींवर पोस्टरं: भरती व्हा, धान्य वाया घालवू नका, दिवे मालवा. आणि समोरच्या भिंतीवर नुसता एक कान, दाराएवढा. खाली दोन शब्द, ‘हळू बोला’. त्याच्याखाली स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. सवयीने मी तोही उघडून पाहिला. रिकामा होता.

मी भिंग लावलं. नंतरच्या नकलेत दिसतात तसे ठिपके नाहीत, म्हणजे दगडावरची छपाई. घड्यांवर रंग उडालेला, टाचण्यांच्या भोकांना गंज. अस्सल माल. माझं तोंड पाहूनच मेहुण्याला ते कळलं.

“भाऊजी,” तो पुटपुटला, “नंतरच्या नकला आहेत म्हणून सांगू. म्हातारीला काय कळतंय.”

मला ते पटलं नव्हतं. पण नाही असंही म्हणालो नाही. म्हणालो, “तोंड सरळ ठेव म्हणजे झालं.”

काळ्या कागदाच्या फटीतून बाई दिसत होत्या. आमच्याकडे पाठ करून चादर पिळत होत्या.

नंतर त्यांनी पुढच्या खोलीत चहा ठेवला, आत जाऊन तो डबा आणला आणि त्यातली एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

‘अकरा चाळीस. जाड्या: नंतरच्या नकला आहेत म्हणून सांगू. चष्मेवाला: तोंड सरळ ठेव म्हणजे झालं.’

मेहुणा खरंच जाडा आहे. त्याचा चहा बशीत सांडला.

माझ्या मनात पहिलं आलं, ही बया बहिरी नाहीच. त्या वळल्या तेव्हा मी चहाचा ट्रे मुद्दाम फरशीवर सोडला. मेहुणा दचकून उभा राहिला. बाईंची मानसुद्धा हलली नाही.

मग मी माझ्या पोटापाण्याची विद्या वापरली. चिठ्ठी भिंगाखाली धरली. कागद टंचाईच्या दिवसांतला, भुसभुशीत. बोट लागताच कडा झडत होत्या. शाई तपकिरी पडून आत मुरलेली. वर टाचणीचं भोक आणि भोवती गंजाचा डाग. तसा डाग घाईत पाडता येत नाही, त्याला वर्षं द्यावी लागतात. दुसऱ्या कुणी ही चिठ्ठी आणली असती तर मी सहीनिशी लिहून दिलं असतं, चाळीस वर्षांपूर्वीची, अस्सल.

“अक्षर यांचंच आहे,” बाई म्हणाल्या. बहिरी माणसं बोलतात तसा सपाट, मोठा आवाज. “लढाईत यांचं काम तेच होतं. लोकांचे फोन ऐकायचे, कोण काय बोललं ते लिहून वर पाठवायचं. हे गेले, सवय गेली नाही. मी झोपेत काय बडबडते ते मला रोज सकाळी त्या डब्यात सापडतं. कंटाळले मी. फुकट न्या सगळं, पण न्या.”

मेहुणा केव्हाच दाराबाहेर गेला होता. मीही उठलो.

“थांबा. ही काल सापडली. त्या वेळी मी जागी होते, असं काही बोललेले नाही. तुमचीच असेल.”

‘रविवार, सव्वातीन. एक बाई, दबक्या आवाजात: त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.’

ती चिठ्ठी मी खिशात घातली आणि एकही पोस्टर न घेता आम्ही निघालो. रस्त्यात मेहुणा म्हणाला, “तुम्ही आधी जाऊन आला होतात ना तिथे? मला उघडं पाडायला?” आणि मला वाटत होतं, यानेच म्हातारीशी संधान बांधलंय. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. दुसरी चिठ्ठी मी त्याला दाखवली नाही.

रविवारी जेवून मी डोळे मिटून पडलो होतो. सव्वातीनला बाहेर फोन वाजला. बायकोने उचलला. बराच वेळ नुसतं हं... हं... मग दबक्या आवाजात म्हणाली, “त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.”

मी बाहेर आलो. तिने रिसीव्हर ठेवला. चेहरा उतरला होता.

“कोण होतं?”

“माझा भाऊ,” ती शेवटी म्हणाली. “वेगळं दुकान काढतोय म्हणाला. तुमच्याकडचा माल हळूहळू हलवतोय म्हणे. मी म्हटलं, आत्ता कळू देऊ नकोस, मी सांगेन समजावून.”

संध्याकाळी तो स्वतःच आला, पायी, घामाघूम. “भाऊजी, एक अर्ज लिहून द्या. गुरुवारपासून माझा फोन मेलाय, तक्रार केली तरी कुणी फिरकत नाही.”

मी विचारलं, “वेगळं दुकान कधी काढतोयस?”

तो माझ्याकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. “कोण म्हणालं...?”

“तूच,” बायको म्हणाली. “दुपारी. फोनवर.”

“ताई, मी दुपारभर शेजाऱ्यांच्या गच्चीवर पत्रे ठोकत होतो. चार माणसं होती बरोबर.”

दुसऱ्या दिवशी मी त्या चौघांनाही गाठलं. चौघेही हो म्हणाले. दुकानातला माल मोजला, एक कागद कमी नव्हता. तरी आमची भागी त्याच महिन्यात मोडली. एकमेकांकडे पाठ करून काम करता येईना.

बायकोला मी एकदाच विचारलं, आवाज ओळखण्यात तुझी चूक झाली नसेल कशावरून?

“त्याने मला ‘वाटाणे’ म्हणून हाक मारली,” ती म्हणाली. “लहानपणी मी आजारी असताना त्याने ठेवलेलं नाव. आईलासुद्धा माहीत नाही. आम्ही ते कधी मोठ्याने घेतलंच नाही... नेहमी एकमेकांच्या कानात.”