हात न लावायचा पट्टा

"ओ बाई! मका मोडून राह्यल्या का चोरून राह्यल्या, तेवढं तरी सांगा!"

सत्यशीला दचकली. कमरेइतक्या मक्यात वाकून ती शेंड्याच्या कोवळ्या पानांचा एकेक पोंगा उकलून बघत होती. वरून श्रावणातली भुरभुर, ओढणी अंगाला चिकटलेली, बोटांना अळीची घाण… आणि समोर कमरेवर हात ठेवून एक उंच, सावळा तरुण.

"मी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेय," ती शक्य तेवढ्या ऐटीत म्हणाली. "हरिओमभाऊंनी परवानगी दिलीय."

"दिली असंल की. पर हरिओमचं शेत वढ्याच्या पल्याड हाय. हे माझं हाय."

झालं! दुसरी कुणी असती तर ओशाळून पळाली असती. पण ही रेल्वेतल्या भिवा पॉइंट्समनची लेक. तिनं तो पोंगाच त्याच्या नाकासमोर धरला.

"शेत तुमचं असंल, पण त्यात राहून कोण राह्यलंय ते बघा. अमेरिकेकडची लष्करी अळी. न बोलावता आली आणि घरच्यासारखी बसली."

त्यानं अळी बघितली, मग तिच्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"मंग न बोलावता आलेल्या दोघी झाल्या म्हणा की," तो म्हणाला. "एक खायाला, एक तिला धरायला."

सत्यशीलाला हसू आवरेना. त्याचं नाव भारत. शेत म्हणाल तर प्रयोगासाठी हरिओमच्यापेक्षा सरस, एकसारखी जमीन, एकाच दिवशीची पेरणी. तिनं तेच निवडलं. शेतच बघून निवडलं, असं ती केंद्रात सगळ्यांना सांगायची. सांगू द्या!

प्रयोग मोठा होता. बदनापूरचे आणि केनियातले शास्त्रज्ञ मिळून या परक्या अळीचा अभ्यास करत होते. दोन्ही देशांत एकसारखे तीन पट्टे. पहिल्यात औषधाची फवारणी. दुसऱ्यात अळीची अंडी खाणाऱ्या इवल्याशा मित्रकीटकांची, पानांना अडकवायची कार्डं. आणि तिसऱ्यात… काहीच नाही.

"त्याला हात लावायचा न्हाई," सत्यशीलानं बजावलं. "मोकळी सोडल्यावर अळी किती खाते, ते कळलं तरच बाकीच्या दोन पट्ट्यांचा गुण कळतो."

भारतची आई केशरबाई बांधावर बसून ऐकत होती. "डोळ्यादेखत पीक खाऊ द्यायचं?" ती म्हणाली. "ही कुठली शाळा म्हणावी, माय!"

दर मंगळवारी सत्यशीला भारतच्या गावाला, धावड्याला येऊ लागली. तो पोंगे उकलायचा, आकडे सांगायचा, ती लिहायची.

"पाच… सहा… मॅडम, सात लिवा."

"सातवी कुठंय? मला तर दिसत न्हाई."

"पानाखाली हाय. तुम्ही पानाकडं बघाल तर दिसंल. माझ्याकडं बघून कशी दिसंल?"

ती लाजली, आणि लाज लपवायला उगाच खाडाखोड करत बसली. कधी तो पळसाच्या पानावर भाजलेली कणसं आणून ठेवायचा. कधी पावसाची सर आली की दोघं एकाच पोत्याच्या खोळीखाली उभे राहायचे, खांद्याला खांदा न लावण्याचा आटोकाट प्रयत्न करत… तो दर वेळी फसायचाच.

पण आकडे बिघडले. पाचव्या आठवड्यात तिसरा पट्टा सगळ्यात हिरवागार निघाला! सहाव्यातही तेच. प्रकल्पाच्या साहेबांनी कागद टेबलावर टाकला.

"हे आकडे शेतात घेतलेत की बसमध्ये बसून? शुक्रवारी केनियाच्या मंडळींबरोबर बैठक आहे. तोवर खरं काय ते आणा."

ते शब्द तिला झोंबले. या अभ्यासाचा लेख निघायचा होता आणि त्यात तिचं नाव यायचं होतं. बाबांनी तर ते बदनापूर स्टेशनवरच्या प्रत्येक अपडाउनवाल्याला सांगून ठेवलेलं. "माझ्या लेकीचं नाव परदेशी शास्त्रज्ञांच्या बराबर छापून येणार हाय!"

गुरुवारी दुपारी केंद्राच्या फाटकाशी भारत उभा दिसला. डोक्यापासून बुटापर्यंत चिखल.

"अहो, फोन करायचा की!"

"फोनवर बोलवंना." त्यानं घसा खाकरला. "मायनं घोळ केला, मॅडम. रोज पहाटं तिसऱ्या पट्ट्यात जाऊन पोंग्यापोंग्यात चिमूट चिमूट माती टाकून राह्यली. काल बघितलं मी. म्हणती, खाताना बघवत न्हाई. तिची माय ज्वारीला तेच करायची म्हणं."

सत्यशीला फाटकाजवळच्या दगडावर मटकन बसली. दीड महिन्याची मेहनत गेली. राग आला, खोटं कशाला सांगा? डोळ्यांत पाणीही आलं.

"आणखी कुणाला माहीत हाय?"

"कुणाला न्हाई. तीन तास गाडी हाणत एकच इचार करून राह्यलो. न्हाई सांगितलं तर तुम्ही मंगळवारी येत राहणार. सांगितलं तर माझं शेत बाद… मंग तुम्ही कशाला येताल धावड्याला?"

"मग… का सांगितलं?"

"तुमच्या नावाला बट्टा लागला असता." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "ते मला बिलकुल चाललं नसतं."

गाडी चालू करून तो निघूनही गेला. सत्यशीला तिथंच बसून राहिली. एवढा सरळ माणूस आपल्याला भेटला, याचाच तिला अभिमान वाटला.

शुक्रवारी मोठ्या पडद्यावर केनियाच्या डॉ. वांजिरू, खोलीत साहेब आणि इतर. सत्यशीला उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. केशरबाईची माती, भारतची धडपड, आपली चूक — शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला प्रयोग नीट समजावलाच नाही, ही.

"धावड्याचे आकडे काढा," साहेब म्हणाले. "आणि मग या लेखात तुमचं नाव राहणार नाही."

"चालेल, सर. चुकीचे आकडे जायला नकोत."

पडद्यावरच्या बाई पुढं सरकल्या. "एक मिनिट. माती टाकणारी ही आई कोण? माझी आईही गावी असंच करते. आम्ही शास्त्रज्ञ तिला अडाणी समजून हसत आलो. आता हसणं पुरे. मोजून बघू. पुढच्या हंगामात दोन्ही देशांत चौथा पट्टा हवा, मातीचा. आणि माती कशी टाकायची, ते या बाई सांगतील."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चौथा पट्टा सत्यशीला बघेल," ते हळूच म्हणाले.

घरी तिनं बाबांना सांगितलं, या वर्षी नाव छापून येणार नाही. भिवानं सगळं ऐकून घेतलं. "खरं बोललीस ना? मंग मान कशाला खाली? उद्या स्टेशनावर हेच सांगतो सगळ्यांना." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "आन् तो तीन तास गाडी हाणत आला, तो पोरगा कुठला म्हणलीस?"

रविवारी ती धावड्यात उतरली. भारत बांधावर होता. तिला बघून गडबडून उभा राहिला.

तिनं चौथ्या पट्ट्याचं सांगितलं. त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला. "म्हंजी आता पुढच्या जूनमधीच येणार?"

"जूनची वाट बघायला मी काय अळी हाय?"

तो हसला नाही.

"भारत, मी आज मोजायला आले न्हाई." तिची मान ताठ होती. "तुम्ही गप बसला असता, तर मी येत राह्यले असते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी खरं सांगायला आलात. असा माणूस मला हवाय… जन्मभर. बाबांना सांगून आलेय. आता तुमचं बोला."

भारत गर्रकन वळला आणि घराच्या दिशेनं अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला —

"माय! चहा ठिवू नको… पुरणाची डाळ घाल! जल्दी!"