बाण खरा, नकाशा जुना

लाइन गेली होती. अड्याळला आमच्या घरासमोर शेकोटी पेटवून आम्ही सगळी पोरं बसलो होतो. भुपेंद्र म्हणाला, मोबाईलचा नकाशा कधी चुकत नाही. मारोतआबाजींनी एक काडी आगीत सरकवली.

"नाही चुकत," ते म्हणाले. "सत्यवतीचाबी चुकला नाही. तेच तं सांगतो."

सत्यवती त्यांच्या दोस्ताची, टिकारामची मुलगी. धरणाच्या पाण्यावर तिचा मोटर लावलेला डोंगा चालतो. आबाजींनी ही हकिकत तिच्याच तोंडून ऐकली आहे.

दोन वर्षांमागची पौषातली अवस. वार शनिवार. पलीकडच्या काठावर नात्यात बाराव्या दिवसाचं बारसं होतं. जेवण उरकून सत्यवती म्हाताऱ्या बापाला घेऊन दिवेलागणीला घरी निघाली. नेहमीचंच जाणंयेणं. पण अर्ध्या वाटेत धुकं उतरलं आणि दोन्ही काठ दिसेनासे झाले.

तिला धुक्याची काळजी नव्हती. त्या पाण्याखाली त्यांचं जुनं गाव आहे. शेतांतली, आंगणांतली झाडं आत वाळून तशीच उभी आहेत. त्यांच्या फांद्या डोंग्याचं बूड फाडतात. पण गावच्या सडकेवर झाड नाही. म्हणून तिकडचे नावाडी बुडालेल्या सडकेवरूनच डोंगा नेतात. सत्यवतीच्या मोबाईलमध्ये पाणी भरण्याआधीचा नकाशा होता. त्यात सडक होती, गल्ल्या होत्या, मारुतीचं देऊळ होतं. आपण कुठं आहोत ते एक निळा बाण दाखवायचा. टिकारामला त्याचं फार कौतुक. डोंग्यात बसून तो विचारायचा, आता कोणाच्या घरावरून जाऊन राहिलो?

सत्यवती त्याला सांगायची, बाण खरा आहे, नकाशा जुना आहे. बाणही दहा-पंधरा हात इकडंतिकडं सरकतो. म्हणून ती मधूनमधून लांब बांबू खाली टोचून पाहायची. सडकेवर गिट्टी लागते, खट्ट वाजतं. शेतात बांबू गाळात रुततो. बाण आणि बांबू दोघं एकच सांगतील तर पुढं जायचं.

नव्या वस्तीत टिकारामचा जीव कधी रमलाच नाही. तो पाण्याकडं तोंड करून झोपायचा. सत्यवतीला तेवढीच एक धास्ती होती... एखाद्या दिवशी हा उठेल आणि पाण्यात चालत जाईल.

देवळापाशी बाण वळला.

तिनं सुकाणू वळवलं नव्हतं. तरी बाण सडक सोडून गल्लीत शिरला. तिनं मोटर बंद केली. डोंगा थांबला नाही. हळूहळू सरकत राहिला. बाणही सरकत राहिला. मग दोन्ही थांबले. नकाशावर ते टिकारामचं घर होतं. भिंतीला भिंत लागून बायजाबाईचं.

बायजाबाई गाव सोडायला तयार नव्हती. लोक कौलं उतरवून नेत होते तेव्हाही ती रोज सकाळी आंगण सारवायची. पाणी गल्लीत यायच्या आधीच ती त्याच घरात वारली. त्या सकाळीही तिनं आंगण सारवलं होतं.

सत्यवतीनं बांबू खाली सोडला.

गुडघाभर पाण्यात तो टेकला. टणक जमिनीवर. जिथं दोन पुरुष खोल पाणी होतं, तिथं.

बाण म्हणत होता, घर आलं. बांबूही तेच म्हणत होता.

धुक्यातून आवाज आला. शेजारीण बोलावते तसा, साधा.

"टिकाराम भाऊ... घरी नाही येत का?"

टिकाराम उभा राहिला. डोंगा हलला.

"माही चूल दिसून राहिली, बाई," तो म्हणाला. त्यानं एक पाय बाहेर टाकला.

सत्यवतीनं मागून त्याचं धोतर धरलं. दोन्ही मुठींत. त्याला खाली पाडलं. त्याच्या छातीवर गुडघा ठेवला. बापाच्या छातीवर... मग धुक्याकडं पाहून बोलली. आवाज चढवला नाही.

"बायजाकाकी, तुमी गावातून उठल्या नाही. तो तुमचा हट होता. मलेबी हट हाये. मी माह्या बापाले देत नाही."

डोंगा जागचा हलला नाही. पाणीही हललं नाही.

"आंगण असन तुमचं. जमीनबी असन. आमी उतरत नाही."

तिनं मोबाईल विझवला. बांबू त्याच टणक जमिनीवर रोवला आणि सगळं अंग टाकून डोंगा मागं लोटला. एकदा. दोनदा. मग बांबू खाली जात राहिला... जात राहिला... गाळ. आणखी गाळ.

खट्ट.

गिट्टी होती. सडक. ती सडक धरून, टोचत टोचत, ती काठाला लागली. बाप रडत होता. तिनं त्याला रडू दिलं. हात मात्र घरापर्यंत सोडला नाही.

आबाजी थांबले. भुपेंद्रनं हळूच विचारलं, नकाशाच बिघडला असेल ना?

"असन," आबाजी म्हणाले. "दुसऱ्या सकाळी मी गेलतो तिच्याकडं. बांबू पडवीत उभा होता. वरचा गाळ पार वाळून गेलता."

त्यांनी आपली बोटं शेकोटीच्या उजेडात धरली.

"खालच्या टोकाले शेण होतं. हिरवं. ओलं. आन त्यावर सारवताना उठतात तशी चार बोटं."