विजीची तक्रार

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल तर हसा... पण त्या दुपारी मी स्वतः वॉर्डात होते.

ईद नुकतीच सरली होती. जावा बेटावर, डोंगरातलं आमचं मनोरुग्णालय. मी एंदाह, बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर.

सकाळी गोळ्या देताना तुमिनी आजींनी माझं मनगट धरलं.

“ती विजी दुपारी येते. छातीवर बसते. तोंड दाबते गं...”

विजी माझ्या हाताखालची सिस्टर. कामाला चोख. नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल तिच्या पगारावर.

मग दुसरी तक्रार आली. मग तिसरी.

एकमेकींशी कधीच न बोलणाऱ्या बायका... शब्द मात्र तेच.

डॉक्टर हसले. “वेड्यांचं काय मनावर घेता, सिस्टर?”

मी घेतलं. आजारी माणूस म्हणजे खोटारडा नव्हे. आणि आजींच्या गालावर बोटांचे वळ होते.

विजीला बोलावलं. ती रडायलाच लागली.

“अल्लाची शपथ, ताई! मी बोटही लावलं नाही. तुम्हीच असं म्हणालात तर मी कुठे जाऊ?”

चौकशी होईपर्यंत मी तिला धुलाईघरात हलवलं. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही.

तक्रारी थांबल्या नाहीत.

“आजही विजी आली होती.”

धुलाईघरातल्या बायका मात्र सांगायच्या, पोरगी दिवसभर जागची हलली नाही.

शेवटी मीच तिला वॉर्डात घेऊन बसले. जेवणं उरकली होती. बाहेर लख्ख ऊन. तिचा हात माझ्या हातात.

“बघा आजी, विजी इथे माझ्याजवळ आहे.”

आजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या न्हाणीघराच्या दाराकडे बघत होत्या.

“ही नाही गं... ती.”

दारात कुणीच नव्हतं.

पण सगळ्या बायकांनी एकदम पाय पोटाशी घेतले.

...आणि न्हाणीघरातून गुणगुणणं आलं. विजी चादरी बदलताना गुणगुणायची, तसंच. मधे तिचाच बारीक खोकला.

मी विजीकडे वळले. तिचे ओठ घट्ट मिटलेले.

“ताई...” ती कुजबुजली, “हा माझा आवाज आहे.”

आवाज जवळ आला. आजींच्या खाटेपाशी थांबला.

गादी खचली.

आजींच्या गालावर... एकेक बोट उमटू लागलं.

विजीने माझा हात झिडकारला. धावत जाऊन आजींवर आडवी पडली.

“सोड त्यांना! मला धर! मला धर म्हणते ना!”

सगळं शांत झालं.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आणि वॉर्डबॉय धावत आले. त्यांना काय दिसलं? आजींच्या अंगावर पडलेली विजी, आणि गालावर ताजे वळ.

मी घसा फोडून सांगितलं. हातापाया पडले.

“सिस्टर, तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे,” डॉक्टर म्हणाले.

विजीची नोकरी गेली. पेशंट खोटं बोलत नव्हत्या, विजीही खोटं बोलत नव्हती. हे मी कुणाला पटवू?

ती निघाली तेव्हा बायका खिडकीशी जमल्या. तुमिनी आजींनी सुस्कारा सोडला.

“गेल्या बाई... दोघी गेल्या.”

मी बाहेर पाहिलं.

उतारावरून विजी एकटीच चालली होती. रस्ता मोकळा, चांगला रुंद. तरी ती अगदी कडेकडेने चालत होती...

शेजारच्या कुणाला तरी जागा देत असल्यासारखी.

त्यानंतर वॉर्डात एकही तक्रार आलेली नाही.

आणि मला झोप नाही.