सोंग नव्हतं ते

पाण्याच्या टाकीपाशी मी पेला पुढे केला, त्याने हात लावला आणि... चट्! दोघांच्याही बोटांना चटका बसला. पेला खाली, पाणी त्याच्या पँटवर.

"अहो, तुमच्यात करंट आहे की काय?" तो हसला.

बाकीच्या बायाही हसल्या. मला मात्र अशी तिडीक आली! दोन महिने आम्ही ओरडत होतो, हात लावू तिथे शॉक बसतो म्हणून; आणि धुळ्याहून आलेला हा नवा वायरमन पहिल्याच दिवशी थट्टा करतो?

जळगावातला चटयांचा कारखाना, एक्क्याण्णव सालचा जानेवारी, कोरडी थंडी. प्लास्टिकची पट्टी दिवसभर रुळांवरून सरसर धावायची. मी आणि भागाबाई ती गुंडाळायचो. आदल्याच दिवशी भागाबाईंचा हात मशिनच्या लोखंडी चौकटीला लागला, शॉक बसला, त्या दचकून मागे पडल्या आणि मनगट मोडलं. सुपरवायझर छगनराव म्हणाले, "मशिनमध्ये करंट नाहीच. सोंगं करतात बायका!" आणि त्यांना कामावरून काढून टाकलं.

"सोंग नही करत वं माय मी," हात गळ्यात बांधून त्या माझ्यापाशी रडल्या होत्या.

आता गिरधरने, हे त्या वायरमनचं नाव, चौकटीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. 'मशिनमध्ये दोष नाही' असं त्याने लिहूनही दिलं!

मी त्याला गाठलंच. "म्हणजे आम्ही खोटं बोलतो?"

"तसं नाही... पण टेस्टर सांगतो—"

"टेस्टरचं मनगट मोडलं नाही! हात न्या त्या पट्टीजवळ. न्या म्हणते ना!"

त्याने नेला. हातावरचे केस सरळ उभे राहिले. त्याने केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"इकडे काय बघता? मशिनकडे बघा!"

त्याचे कान लाल झाले. "चुकलो मी," तो हळूच म्हणाला. "ही तारेतली वीज नाही, साचलेली आहे. पट्टी रुळांवर घासते, तिच्यावर वीज तयार होते. प्लास्टिक तिला वाहू देत नाही. ती तुमच्या अंगावर येते, पण पायात रबरी चपला... मग जमिनीत उतरणार कशी? लोखंडाला हात लागला, की एकदम उडी मारते."

"चपला छगनरावांनीच दिल्यात! शॉक बसू नये म्हणून!"

मी इतकी चिडले होते, की तो हसू दाबतोय हे मला उशिरा कळलं.

त्याने तांब्याच्या तारांचा झुपका पट्टीला लागेल असा टांगला आणि जाड तारेने जमिनीतल्या अर्थिंगला जोडला. छगनराव धावत आले, "कोणाला विचारून?" गिरधरने त्यांच्यासमोर आपला पहिला कागद फाडला, दुसरा लिहिला आणि थेट मालकांच्या हातात दिला. त्या दिवसापासून शॉक बंद. भागाबाईंना मालकांनी स्वतः बोलावून घेतलं.

पुढचे आठ दिवस गिरधर तीनतीनदा तो झुपका तपासायला यायचा.

"सकाळीच पाहिलात ना?"

"हवा बदलते हो..."

"हवा की तुम्ही?"

मग एका मंगळवारी तो आलाच नाही. त्या कागदाचा राग धरून छगनरावांनी त्याला काढलं होतं, आणि मला एका शब्दानेही न सांगता तो धुळ्याला निघाला होता! मी अर्धी सुट्टी टाकून एसटी स्टँड गाठलं.

"पळून चाललात?"

"नोकरी नसलेल्या माणसाने तुम्हाला काय विचारायचं, कुंदा?"

"ते तुम्ही परस्पर ठरवलंत? छगनरावांसारखं?"

तो घरच्या बोलीत, खाली मान घालून म्हणाला, "तू माले आवडस..."

आमच्या असोद्याची बोली वेगळी, पण एवढं कळायला शिकावं लागत नाही. तरी मी दटावलंच, "रविवारी असोद्याला या. आईला घेऊन. आमचे आबा जरा रागीट आहेत."

"तुझ्यापेक्षा?"

कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतला त्याचा हात वळणापर्यंत दिसत राहिला... आणि मी तिथेच उभी, संतापलेली. मंगळवार नुकता कुठे दुपारला टेकला होता, आणि रविवार म्हणजे अजून पाच दिवस!