तापमारीचा पाला

तापमारीचा पाला आणायचा आणि नवऱ्याला वाचवायचं, एवढ्यासाठी मी त्या रानात शिरले. वस्तीच्या दवाखान्यात मी नर्स. हिवतापाच्या गोळ्या संपलेल्या, औषधांची लाँच पुरामुळे खाली अडकलेली, आणि घरात नवरा तापात बरळत पडलेला. बरोबर होत्या त्याच्या थोरल्या बहीणबाई, माझ्या वन्सं. साऱ्या वस्तीला पाल्याचं पाणी पाजणाऱ्या. आमचं दोघींचं कधी पटलं नाही.

"चल गं सुईवाले," त्या म्हणाल्या. "तुझ्या गोळ्या पोहत येईपर्यंत माझा भाऊ राहायचा नाही."

रान आमच्यावर डूख धरूनच होतं. वाट देईना, वारा देईना, पाऊल टेकायला कोरडी जागा देईना. काटेरी वेली बाह्या धरून मागे ओढत होत्या, चिखल चपला गिळत होता, पोटऱ्यांवर जळवा फुगत होत्या. आणि डास एवढे, की तोंड उघडलं तर घास व्हावा!

"पंख्याखाली बसायची सवय ना!" वन्संचा टोमणा.

"पंखा बंदच आहे. तुमची जीभ जोडली असती तर फिरला असता."

दुपारी कड्याच्या पायथ्याशी झुडपं दिसली. तापमारीसारखंच दिसणारं एक फसवं झुडूप असतं. पान तसंच, देठ तसाच, फरक फक्त चवीत. म्हणून खुडणारा आधी पान चावून बघतो; कडूजहर लागलं तरच खुडतो. वन्संनी चावलं, थुंकलं.

"कडू! खुड."

पोतं भरून निघालो. वाटेत मी त्यांना बिस्कीट दिलं. त्यांनी तेही थू केलं.

"हेही कडू! कधीचं आणलंस गं?"

मी माझं खाल्लं. गोड होतं. त्यांच्या कपाळाला हात लावला. नुसता तवा! तापाने त्यांचं तोंडच कडू झालं होतं. मी पोत्यातलं पान चावलं. ओल्या कागदासारखं लागलं.

"वन्सं, आपण गवत वाहतोय!"

त्या मटकन खाली बसल्या.

"आता तुझी जीभ," त्या म्हणाल्या. "एरवी चालतेच की."

पोतं रिकामं केलं. त्यांना धरून पुन्हा कड्यापाशी आणलं. पायथ्याची सगळी झुडपं चाखली. सगळी फसवी! वर, अरुंद कंगोऱ्यावर एक जाळी दिसत होती. चढले. पाय घसरला! हाती एक मुळी आली. मुळी सुटू लागली! ढोपर खडकात रोवलं, अंग वर फेकलं. गांधीलमाशा उठल्या! मानेवर एक, पापणीवर एक. तशातच पान तोंडात कोंबलं. कडू! डोळ्यांतून पाणी काढणारं कडू! हसत हसत ओरबाडलं, पोतं भरलं.

खाली वन्संचे दात वाजत होते. त्यांना उभं राहवेना.

"पाठ एकच आहे तुझी," त्या म्हणाल्या. "पोतं ने. भाऊ वाचला पाहिजे."

"गप्प बसा."

सदऱ्यात मावेल तेवढा पाला कोंबला, उरलेला चिखलात ओतला. पोत्याच्या बुडाला दोन भोकं पाडून त्यांत वन्संचे पाय घातले आणि पोतं पाठीला करकचून बांधलं.

"टाक मला, सटवे!" त्या कानाशी ओरडत होत्या.

ओढा छातीपर्यंत चढला होता. ओरडा ऐकत तो ओलांडला. ओरडा थांबला की मीच घाबरायचे, चिमटा काढायचे.

घरी आलो तेव्हा नवऱ्याचा श्वास चालू होता. आधण ठेवलं.

"उतरव, मग पाला टाक!" पाठीवरून आवाज आला. "उकळलास तर गुण गेला!"

झाकून मुरू दिलं. पातेलंभरच पाणी झालं. डासांच्या दिवसांत अख्ख्या वस्तीला रोज घोटभर पाणी पुरावं, एवढा पाला रानातच राहिला होता. त्या पातेल्यावर बहीणभाऊ लाँच येईपर्यंत तगले; पुढचं गोळ्यांनी निभावलं.

बसता यायला लागल्याबरोबर वन्संनी भांडण काढलं.

"पोतंभर पाला टाकून मला उचललंस! अक्कल आहे का तुला?"

"नाही," मी म्हटलं. "असती तर या घरात आले असते?"