पेडलवरचा पाय

बाबांच्या जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक बसले त्या सकाळी मी अंगणात चक्क नाचले. गणित शिकवणारी, पन्नाशीकडे झुकलेली, चष्मेवाली बाई, हातात पाना आणि नाकावर ग्रीस. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, शेजारी बघतायत."

"बघू देत! त्यांच्या गाडीला आहेत का असे ब्रेक?"

बाबा सुतार होते. उभा जन्म त्यांनी याच गाडीतून लोकांची कपाटं पोचवली. तिचे जुने ड्रम ब्रेक म्हणजे देवाला हात जोडण्यातला प्रकार. दाबायचे आणि वाट बघायची. बाबा गेले, पाठोपाठ आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून ती खिडकीपाशी पलंगावर पडून गाडीकडे बघत असायची. मला ते बघवायचं नाही. एकदा तरी तिला या गाडीतून फिरवून आणायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण आमचं घर उताराच्या माथ्यावर आणि उतार संपतो तिथे वाहता चौक. त्या जुन्या ब्रेकांच्या भरवशावर आईला बसवायची माझी छाती नव्हती. म्हणून हा सगळा खटाटोप.

चाकांवर कॅलिपर, म्हणजे चकती आवळणारे चिमटे, बसवले की काम संपतं असं नाही. नळ्यांमध्ये हवा अडकते, ती काढावी लागते, नाहीतर पेडल पोकळ जातं. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकामागचं निपल, म्हणजे कॅलिपरवरची छोटी तोटी, उघडायचं, हवा जाऊ द्यायची, परत आवळायचं. हाका ठरलेल्या असतात. दाब, धर, सोड. 'सोड' ऐकेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. आमच्या लहानपणी बाबा खाली असायचे आणि पेडलवर आई. एकदा आत दूध उतू गेलं, करपल्याचा वास अंगणभर पसरला, आम्ही दोघं बोंब मारतोय, पण बाईने पाय हलवला नाही. बाबा "सोड" म्हणाले तेव्हा उठली आणि जळकं पातेलं त्यांच्यासमोर आणून आदळलं.

आता खाली मी होते आणि वर धाकटा.

"दाब! धर!" फसफसत बुडबुडे आले. मी निपल आवळलं. "सोड!"

मागची चाकं झाली. पुढच्या चाकाशी आले तेव्हा तो म्हणाला, "ताई, गंमत सांगू? तू 'दाब' म्हणतेस ना, तेव्हा मी पाय ठेवायच्या आधीच पेडल खाली जातंय."

"तुझा पाय तुझ्या डोक्यासारखाच. कुठे असतो, तुला तरी कुठे माहीत असतं?"

"अगं, खरंच!"

स्प्रिंग जुनी आहे, पेडल वजनाने बसत असेल, असं मी म्हटलं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, मुलांना मी रोज हेच शिकवते.

तेवढ्यात भावजय धावत बाहेर आली. "ताई! आईंचा उजवा पाय हलला! या डोळ्यांनी पाहिलं मी!"

पाना तिथेच टाकून आम्ही आत पळालो. आई पडून होती. मी तिच्या तळव्याला चिमटा घेतला, गुदगुल्या केल्या. काही नाही. पण तिचा चेहरा लाल झाला होता आणि नजर खिडकीबाहेर होती. मी तिच्या कपाळाचा मुका घेतला. मला रडू येत होतं आणि हसूही. डॉक्टरांनी ज्याच्यापुढे हात टेकले होते, तो पाय आहे हा!

त्याच भरात आम्ही उरलेलं काम उरकलं. शेवटी मी स्वतः पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. मी शिट्टीच मारली.

"चल, चक्कर मारू."

"हँडब्रेकची तार जोडायची राहिलीय, ताई."

"दुपारी जोडू. आधी बघू तर दे!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

गाडी फाटकाबाहेर काढली, इंजिन बंद केलं आणि न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली. ब्रेकची खरी परीक्षा तीच. पहिल्यांदा दाबले तर काय सांगू, लोण्यात सुरी! धाकट्याने टाळी दिली. सोडले, गाडीने वेग घेतला, परत दाबले.

पेडल सरळ तळाला गेलं.

परत दाबलं. पोकळ. परत. गिअर टाकायला गेले तर नुसता करकरला. समोर चौक. एक बाई लेकराचं बोट धरून रस्ता ओलांडत होती. मी हॉर्नवर हात ठेवला.

"ताई, दाब ना!"

"दाबतेय रे!"

पेडलला वर यायला वाव द्यावा म्हणून मी पाय उचलला. ते वर आलं नाही. आणखी खाली गेलं.

गाडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही. मागे काचेचं कपाट असलं की बाबा थांबवायचे तशी.

माझे दोन्ही पाय हवेत होते. आम्ही दोघांनी खाली पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं.

"हवा अडकलीय," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

आम्ही उतरलो. उतारावर गाडी ढिम्म उभी होती. धाकटा पुढच्या चाकाशी आडवा झाला, सरपटत आत गेला आणि तिथून ओरडला, "ताई, डावं कॅलिपर उजवीकडे लावलंयस! निपल खाली आलंय, हवा वरच राहते. हवा निघालीच नाहीये, निघणार तरी कशी?"

"मग मघाशी पेडल घट्ट कसं होतं?"

तो आणखी आत सरकला.

वरून भावजयीची हाक आली. "ताई! लवकर या! आई बोलतायत!"

मी चढ कसा चढले, मला आठवत नाही. दारात ती हुंदके देत उभी होती. "मघाशी त्यांचा जरा डोळा लागला होता. दचकून उठल्या आणि... काहीतरी विचारतायत, मला कळत नाहीये."

आई घामाने भिजली होती. उजवा पाय गुडघ्यात ताठ, तळवा पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर रोवलेला. बोटं पांढरी पडली होती. फळी बाहेरच्या बाजूला वाकली होती.

"आई!" मी तिचा हात धरला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ जड हलले.

"सोडू का?"

हो, आई, सोड, दमलीस गं, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग खिडकीतून खाली नजर गेली. उतारावर गाडी उभी होती. तिच्याखालून धाकट्याचे फक्त पाय दिसत होते. चाकापुढे दगड नव्हता. गिअर टाकायचं आम्हां दोघांनाही सुचलं नव्हतं.

"नको, आई," मी म्हणाले. "धर."

आईने मान हलवली. तिच्या पायाला कापरं भरलं होतं.